हिरो रक्तपिपासू झाला आणि कादंबरी तिथेच बसली, काय करू?

निशाचर_घणसोली:

मंडळी, मराठीत फँटसी ॲडव्हेंचर कादंबरी लिहितोय, मोबाईलवरच, कधी कॅबमध्ये कधी ब्रेकमध्ये, त्यामुळे शुद्धलेखनाचं सोडा, प्लॉटबद्दल बोलायचंय.

तर हिरो ओंकार, वय 26, ऐरोलीला आयटी पार्कमध्ये नाईट शिफ्ट करतो, घणसोलीला आईबाबांबरोबर राहतो. मित्रांबरोबर येऊरला, ठाण्याच्या जंगलात, जातो, रात्री तिथेच थांबतात (परवानगी नसते हे मला माहितीये, त्यांनाही माहितीये, म्हणूनच थांबतात), पाड्यावरचा एक म्हातारा मांत्रिक सांगतो पुढे जाऊ नका, हे जातात, आणि गुहेत ओंकारला काहीतरी चावतं. मग ताप, मग ऊन सहन होईना, जेवण जाईना, पाणी पिऊन पिऊन तहान काही भागेना. ह्या प्रकाराला मी तहान्या म्हणतोय. इथपर्यंत मस्त जमलंय असं माझं मत. नाईट शिफ्टवाला असल्यामुळे तो दिवसभर पडदे लावून झोपतो ह्याचं घरात कुणाला काहीच वाटत नाही, आई उलट शेजारणीला सांगते हळू बोल गं तो आत्ताच झोपलाय, हा भाग मला स्वतःला फार आवडतो.

प्रॉब्लेम पुढे आहे. एकदा तो तहान्या झाला की त्याला सगळंच येतं. पारसिकच्या डोंगरावरून उडी मारली की डायरेक्ट खाडीपलीकडे, पाम बीच रोडवर गाड्यांच्या पुढे पळतो, ट्रान्सहार्बरच्या लोकलच्या टपावर मारामारी, खंडणीवाल्या गँगला एका रात्रीत लोळवतो. व्हिलन म्हणजे एक जुना तहान्या, शेवटी दोघांची फाईट. मित्राला वाचायला दिलं तर पठ्ठ्याने हिरो बदलल्यावर वाचणंच बंद केलं, म्हणाला आता ह्याला काय होणारे, काहीच नाही होणार, मग मी कशाला जागू. राग आला पण बरोबर बोलतोय तो.

शिवाय नियमांचा घोळ आहेच, उन्हात जाळायचा का, लसूण चालतो का, बोलावल्याशिवाय घरात जाता येतं का. आणि रक्त आणायचं कुठून, सध्या तो रक्तपेढीतून तारीख उलटलेल्या पिशव्या ढापतो असं दाखवलंय म्हणजे कुणाचं नुकसान नाही. सांगा काय ते. फक्त आधी वाचन वाढव असं नका लिहू, धारप मतकरी शाळेतच वाचून झालेत.


उगाचवाचक:

मित्र हुशार आहे तुझा, त्याला धरून ठेव.

ताकद हा प्रॉब्लेम नाहीये रे. त्याच्याकडून काहीच गेलेलं नाही हा प्रॉब्लेम आहे. काहीतरी चावलं, ह्यात ओंकारने काय केलं? काहीच नाही. जे फुकटात आलं ते वापरताना तो कशाला विचार करेल आणि वाचक तरी कशाला करेल. बरं चावलं ते गुहेत, येऊरला, मित्रांबरोबर, मांत्रिकाने नको म्हटल्यावर. सगळे शिक्के एकाच पानावर मारलेस.

नियमांचं म्हणशील तर घाबरू नकोस, ते कुणाच्याच बापाचे नाहीत. उन्हात जळून मरायचा नियम सगळ्यांना जुना वाटतो पण 1897 साली ब्रॅम स्टोकरने ड्रॅक्युला लिहिली त्यात तो काउंट भर दिवसा लंडनच्या रस्त्यावर दिसतो, दिवसा फक्त त्याच्या शक्ती चालत नाहीत. उन्हाने मरायची आयडिया 1922 च्या नोस्फेरातू ह्या जर्मन मूकपटाने रूढ केली. म्हणजे सिनेमावाल्यांनी सोयीने नियम बदलला आणि पुढे सगळ्यांनी तोच धर्मग्रंथ मानला. तूही बदल, पण एकदा ठरवलास की शेवटपर्यंत पाळ, फाईटच्या वेळी हळूच सूट द्यायची नाही.

बोलावल्याशिवाय आत यायचं नाही हा नियम मात्र सोडू नकोस कारण नवी मुंबईत तो भन्नाट चालेल. प्रत्येक सोसायटीला गेटवरचं ॲप असतं, वॉचमन फोटो काढतो, घरात टिंग वाजतं, लोक न बघता अप्रूव्ह दाबतात. ते झालं आमंत्रण! व्हिलन डिलिव्हरीची बॅग पाठीला लावून गेटवर उभा आहे आणि वरती कुणीतरी सिरियल बघता बघता अंगठा दाबला, खलास.

आणि ट्रेनच्या टपावरची मारामारी काढ. वरच्या वायरमध्ये 25 हजार व्होल्ट असतात, हात लावायचीही गरज नाही, जवळ गेलास तरी ओढून घेते. अमर असला तरी कोळसाच होईल.


खाडीचा_पोऱ्या:

भावा वाचली तुझी स्टोरी, बेस हाय, पण ओंकार घणसोलीत राहतो आणि सगळी गंमत येऊरला जाऊन करतो हे काय कळलं नाय. अरे तुझ्या पायाखाली काय आहे ते बघ ना आधी.

तू राहतोस तो सेक्टर काय आभाळातून पडला का, तिथे शेतं होती, मिठागरं होती, खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून बांध होते. 1970 ला सिडको आली, नवं शहर वसवणारी सरकारी कंपनी, ठाणे पनवेल उरण धरून 95 गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. 1984 च्या जानेवारीत जासईला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं त्यात गोळीबारात पाच जण गेले, त्यानंतर कुठे साडेबारा टक्क्यांची योजना आली, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित प्लॉट परत. हे आमच्याकडे शेंबड्या पोराला पण पाठ असतं.

आता माझी आयडिया ऐक. शिवेवर, बांधावर राखणदार असतो. दगडच असतो बऱ्याच ठिकाणी, शेंदूर फासलेला. रात्री तो फेरी मारतो, बांध बघतो, गावावर काय येऊ देत नाय, आणि बदल्यात वर्षातून एकदा त्याचा मान द्यायचा, नारळ कोंबडा जे काय ठरलंय ते. आता जमिनी गेल्या, बांध गेला, जागेवर टॉवर आले. माणसांना साडेबारा टक्के मिळाले (मिळाले त्यांना मिळाले, तो विषय वेगळा), राखणदाराचा वाटा कुठल्या फाईलमध्ये आहे? त्याचा मान कोण देणार, बिल्डर का सोसायटीचा सेक्रेटरी? तो बिचारा अजून फेऱ्या मारतोय आणि त्याला वर्षानुवर्षं कुणी काय दिलेलं नाय. हा तुझा तहान्या! तो तहानलाय कारण त्याचं देणं थकलंय.

मग ओंकार तहान्या होतो तो चावल्यामुळे नाय, नवसामुळे. लहानपणी तो आजारी पडला तेव्हा आईने त्या दगडापुढे नवस बोलला, पोरगा वाचू दे तुझी राखण तोच करेल, मग हे लोक फ्लॅटमध्ये शिफ्ट झाले, नवस राहिला. आता पोरगा 26 चा झाला, वसुली आली.

दुसरं, ताकदीचं. ताकद भरतीवर ठेव. अमावास्या पौर्णिमेला उधाण, तेव्हा ताकद फुल पण तहानपण फुल, आईजवळ सुद्धा बसू नये इतकी. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी धड चढत नाय धड उतरत नाय, तेव्हा तहान शांत पण हा साधा माणूस, कुणीपण कानफटवावं. म्हणजे जेव्हा लढू शकतो तेव्हा माणसांत जायची चोरी आणि माणसांत बसू शकतो तेव्हा लढायची बोंब. आणि हिशोब सोपा आहे, तिथीला पाऊणने गुणायचं, साधारण तेवढ्या वाजता भरती. अमावास्येला पंधरा धरले तर सव्वाअकरा, म्हणजे रात्री तुझा ओंकार हेडफोन लावून कस्टमरला सॉरी म्हणत असताना खाडी भरत असणार. कर सुरू तिथून.


रक्तपेढीतली_ताई:

मी ठाण्यात रक्तपेढीत टेक्निशियन आहे, फँटसी वगैरे फारशी वाचत नाही पण ते तारीख उलटलेल्या पिशव्या ढापतो वाचून राहवलं नाही.

प्रत्येक पिशवीला नंबर असतो, ती कुणी दिली, कुठल्या दिवशी, कुठल्या टेस्ट झाल्या (एचआयव्ही, दोन्ही कावीळ बी आणि सी, गुप्तरोग, मलेरिया), कुठे गेली, सगळं रजिस्टरमध्ये. तारीख उलटलेली पिशवी कचऱ्याच्या डब्यात टाकून देत नाहीत, तिचीही नोंद होते आणि ती बायोमेडिकल वेस्ट म्हणून नष्ट होते. दोन पिशव्या कमी आल्या तर माझी झोप उडेल, तुझ्या हिरोची उडो न उडो. त्यापेक्षा त्याला रक्तपेढीत कुणीतरी ओळखीचं दाखव, आणि त्या माणसाची नोकरी धोक्यात दाखव, म्हणजे फुकट काहीच नाही.

आता आकडे घे, कामाला येतील. पिशवी 350 मिलीची असते किंवा 450 ची. आपण जे औषध घालतो रक्त गोठू नये म्हणून, त्याने अख्खं रक्त 35 दिवस टिकतं, तेही 2 ते 6 डिग्रीला. रक्तात मुख्य खाणं म्हणजे प्रोटीन, 350 मिलीत कॅलरी असतील अडीचशेच्या आसपास, म्हणजे एका वडापावाएवढ्या. माणसाच्या अंगात सगळं मिळून पाच लिटर रक्त. तुझा हिरो पारसिकवरून उड्या मारणार आणि एका वडापाववर राहणार हे काही पटत नाही. एक तर उड्या कमी कर नाहीतर उड्यांनंतर तो दोन दिवस निपचित पडतो असं दाखव.

पुरुषाने रक्त दिलं की पुढचं 90 दिवसांनी, बाईने 120 दिवसांनी. हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर लागतं. म्हणजे रोज एक पिशवी हवी असेल आणि कुणाचा जीव घ्यायचा नसेल तर किमान 90 तगडी माणसं राजीखुशीने लागतात. आठवड्याला एक पुरत असेल तर तेरा. हे गणित मी कंटाळा आला म्हणून केलं, पण मला वाटतं तुझी गोष्ट ह्या गणितात आहे. आणि पैसे देऊन रक्त घेता येत नाही, 1 जानेवारी 1998 पासून आपल्याकडे पैसे घेऊन रक्त देणं बंद आहे, तेव्हा श्रीमंत व्हिलनसुद्धा डोनर विकत घेतो असं दाखवलंस तर तो गुन्हाच दाखव.


निशाचर_घणसोली:

अरे देवा, मी चहा घ्यायला गेलो आणि इथे अख्खी कादंबरी लिहून झाली.

पोऱ्या भाई, भरतीचं डोक्यात जाऊन बसलंय, कॅलेंडर काढून गुणाकार करत बसलोय, टीम लीड बघतोय काय करतो म्हणून. चावा काढतोय. येऊरची गुहा पण गेली.

ताई, 90 माणसांवरून सुचलं. आमच्या विंगला 22 मजले, मजल्यावर चार फ्लॅट, 88 झाले. घरटी एक माणूस धरला तर दोनच कमी पडतात! एक वॉचमन काका आणि एक इस्त्रीवाला. म्हणजे ओंकारला जगायचं असेल तर एका पूर्ण विंगने हो म्हटलं पाहिजे, आणि आमच्या विंगमध्ये साधा पार्किंगचा ठराव पास होत नाही.


झाडाला_उलटा:

वटवाघळांवर थोडं काम केलंय म्हणून लिहितो, विषय बघून थांबलोच नाही.

रक्त पिणारी वटवाघळं जगात तीनच जातींची, तीही मेक्सिकोपासून खाली अर्जेंटिनापर्यंतच. आपल्याकडे नाहीत, त्यामुळे येऊरच्या गुहेत चावलं ते बरं झालं काढलंस. आपल्याकडे एक मोठ्या कानांचं वटवाघूळ आहे जे बेडूक, पाली, उंदीर, लहान पक्षी पकडून खातं, फार देखणं शिकारी जनावर आहे, पण रक्त पीत बसत नाही. आणि संध्याकाळी झाडावरून उडतात ती भली मोठी, ती तर फळं खातात, त्यांना घाबरणाऱ्या लोकांची मला गंमत वाटते.

पण त्या खऱ्या रक्तपित्या वटवाघळांचं तुला सांगतो. ती ओढून पीत नाहीत, दातांनी छोटीशी चीर पाडतात आणि चाटतात, लाळेत रक्त न गोठू देणारं द्रव्य असतं. नाकाजवळ उष्णता कळणारी जागा असते, कातडीखाली रक्त कुठे वर आहे ते अंधारात कळतं. प्यायलेल्यातलं पाणी लगेच लघवीवाटे टाकायला सुरुवात करतात, नाहीतर उडता येणार नाही इतकी जड होतात (हे तुझ्या हिरोला दाखव, मी हसून मरेन). आणि सगळ्यात भारी म्हणजे दोन तीन रात्री काही मिळालं नाही की मरतात, इतकं हातावर पोट आहे. म्हणून ज्याला मिळालं तो उपाशी राहिलेल्याला स्वतःच्या पोटातलं काढून भरवतो. आणि कुणाला भरवतात? ज्याने आधी आपल्याला भरवलंय त्याला जास्त. जेराल्ड विल्किन्सनने 1984 साली हे दाखवून दिलं, अजूनही त्यावर काम चालू आहे. सरळ उसनवारी आहे. पोऱ्याने जे थकलेल्या देण्याचं लिहिलंय ना ते ह्या जनावराला आधीपासून माहितीये.

म्हणून तुझा व्हिलन एकटा असेल तर तो इतकी वर्षं जगला कसा ते सांगावं लागेल. त्याला कोण भरवत होतं?

जाता जाता, तो पाड्यावरचा म्हातारा मांत्रिक गुहेबरोबर खरंच जाऊ दे. येऊरच्या पाड्यांवरची पोरं ठाण्यात कामाला येतात, कॉलेजला येतात, रात्री वाटेत बिबट्या दिसला तर बाजूला उभी राहतात आणि गेला की घरी जातात. वारली लोक वाघोबाला पुजतात तेही शेजारी म्हणून कसं राहायचं ह्यासाठी. शहरातल्या पोरांना घाबरवायला कुणी तिथे काठी टेकून बसलेलं नसतं.


पाचपाखाडीची_आजी:

नातीने फोनमध्ये बोलून टाइप करायचं शिकवलंय त्यामुळे स्वल्पविराम मागू नका बाळांनो

सगळं वाचलं मला आवडलं आपल्याकडे भूत चावलं म्हणून कोणी भूत होत नाही काहीतरी राहून गेलं की होतं मुंजाची सोडमुंज राहिली तो पिंपळावर बसला समंधाचा जीव पुरलेल्या पैशात अडकला बाळंतपणात गेलेली बाई हडळ झाली प्रत्येकाचं काहीतरी राहिलंय म्हणून त्यांची भीती वाटते तशी दयाही येते ते विलायती काळ्या कोटवाले नुसतेच भुकेले असतात त्यांचं मला काही वाटत नाही

माझं माहेर वेंगुर्ला तालुक्यातलं आमच्याकडे आरवलीचा वेतोबा आहे जाऊन बघा केवढी उंच मूर्ती आहे त्याला लोक चपला वाहतात चांगल्या मोठ्या चामड्याच्या कारण तो रात्री गावाभोवती फिरतो राखण करतो आणि चपला झिजतात म्हणून नवीन द्यायच्या आम्ही लहानपणी झिजलेल्या तळव्याकडे बघत बसायचो तर तुझ्या त्या ओंकारचे बूट झिजलेले दाखव रोज सकाळी आई म्हणते अरे परवाच तर घेतले आणि तो कॅबने जातो येतो मग बूट झिजतात कसे ही पहिली शंका आईला तिथे येऊ दे तहानबिहान नंतर

लसणाचं विचारलंस ना समुद्रमंथनाच्या वेळी राहूचं मुंडकं उडवलं तेव्हा रक्ताचे थेंब खाली पडले तिथे लसूण उगवला अशी गोष्ट आहे म्हणून श्राद्धाच्या सोवळ्याच्या स्वयंपाकात लसूण घालत नाहीत मग तुझा तो तहान्या लसणाला घाबरेल कशाला तो तर असुराच्या रक्ताचा वास आला म्हणून धावत येईल रक्त मिळालं नाही की आईने केलेली लसणाची चटणी बरणीतून चमच्याने खात बसेल हे बघ किती छान आहे

आणि एक गोष्ट मला मुळीच आवडली नाही तो नवस आईच्या माथी मारू नकोस सगळ्या सिरियलमध्ये तेच पोराचं काही वाकडं झालं की आईने काहीतरी केलेलं असतं किंवा करायचं राहिलेलं असतं पोरगा 26 वर्षांचा घोडा आहे नवस त्याचा त्याला बोलू दे


उगाचवाचक:

आजी एक नंबर. चटणीची बरणी हा सीन नाही घेतला तर मी कादंबरी विकत घेणार नाही.

पण निशाचर, सावध राहा जरा, हे सगळं घेऊन बसलास तर राखणदार, मान, जमीन संपादन, भरतीचं गणित ह्यातच दोनशे पानं जातील आणि हातात निबंध उरेल. तू ॲडव्हेंचर लिहितोयस, लोकांना धावाधाव पाहिजे. जमिनीचा इतिहास ओंकारला कुणी बसवून सांगायचा नाही, त्याला तो पायाखाली लागला पाहिजे, रात्री फेरी मारताना एका ठिकाणी पाय आपोआप वळतात, तिथे आता बेसमेंट पार्किंग आहे आणि भिंतीपलीकडे जुना बांध होता, बस. पार्किंगमध्ये मारामारी पण होऊ शकते.

उलटाच्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ का, व्हिलनला कोण भरवत होतं? व्हिलन हाच आधीचा राखणदार. 26 जुलै 2005 ला, सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला त्या दिवशी, तो जागेवर उभा राहिला नाही. मान नाही तर राखण नाही म्हणाला आणि निघून गेला. तेव्हापासून बिल्डर लोक त्याला पोसतात कारण राखणदारच आपल्या खिशात असला की बांध हलवायला कोण अडवणार. आणि गंमत म्हणजे त्याचं म्हणणं चुकीचं नाहीये. ओंकारला त्याला हरवायचंय पण उत्तर देता येत नाहीये.


खाडीचा_पोऱ्या:

हे जबरी. फक्त व्हिलनला आगरी बोलायला लावून कॉमेडी करू नको म्हणजे झालं, लय बघितलंय ते. आणि फेरीत तिवरं येऊ दे, ओहोटीला चिखलात निवट्या (चिखलातले मासे) उड्या मारतात तो आवाज येऊ दे. थंडीपासून पावसाळ्याआधीपर्यंत फ्लेमिंगो पण असतात, रात्री त्यांचा गलका चालू असतो, राखणदाराला चोर लपून आला तर तो गलका बंद पडल्यावर कळेल.


निशाचर_घणसोली:

आजी, ऐकलं. नवस ओंकारचाच. 2021 चा एप्रिल, बाबा ऑक्सिजनवर, हा रात्री बेड शोधत फोन करत करत चालतोय आणि नाल्याच्या कडेला तो शेंदूर फासलेला दगड, ज्याच्यासमोरून तो रोज कॅबने जातो आणि कधी बघितलेलं नाही. कुणाला उद्देशून बोलतोय हे पण त्याला माहीत नाही, नुसतं म्हणतो बाबांना वाचव, तू म्हणशील ते करीन. बाबा वाचतात. हा विसरतो. बाबा पण टेबलावर बसून टीव्हीचा आवाज मोठा ठेवणारे असे अगदी नॉर्मल बाबा दाखवणार, कारण नवस मोडायचा म्हणजे काय परत जाणार ते वाचकाला सारखं दिसत राहिलं पाहिजे.

मग त्याला पळून जाता येत नाही, मारामारी जिंकून पण सुटका नाही. आणि शेवटी विंगची एजीएम, वार्षिक सभा! अजेंड्यावर लिफ्टचं मेंटेनन्स, कबुतरांची जाळी आणि तीन नंबरला राखणदाराचा मान. उधाणाची रात्र, बाहेर व्हिलन गेटवर, अप्रूव्हलची वाट बघतोय, आत 88 फ्लॅटवाले भांडतायत. किती हात वर होतात ते अजून ठरवलं नाहीये.

उगाचवाचक, बेसमेंट पार्किंग घेतलं. ट्रेनचा टप काढला, जड मनाने.

ताई एक शेवटचं, राग नका मानू. एजीएम नंतर समजा तेरा जण तयार झाले आणि पिशव्या सोसायटीच्या क्लब हाऊसच्या फ्रिजमध्ये ठेवल्या, आणि उधाणाच्या रात्री लाईट गेली तर किती वेळ हातात असतो?


रक्तपेढीतली_ताई:

राग कशाला, इतक्या रात्री दुसरं काय करतेय मी.

क्लब हाऊसचा फ्रिज चालणारच नाही, सारखा उघडबंद होतो आणि आतलं तापमान कुठेच नोंदलं जात नाही. आमच्या फ्रिजला अलार्म असतो, तापमानाची पट्टी सतत निघत असते. आमचा नियम असा की पिशवी फ्रिजबाहेर अर्ध्या तासाच्या वर राहिली की ती परत स्टॉकमध्ये घ्यायची नाही. तुझ्या हिरोला ती चढवायची नाहीये, प्यायचीये, त्यामुळे त्याला थोडी सूट देईन, पण जास्त ताणलंस तर तोही ओकेल. दार बंद ठेवायचं, कुणी बघायला म्हणूनसुद्धा उघडायचं नाही. जनरेटर लिफ्टला आहे का कॉमन एरियालाही आहे ते आधी सेक्रेटरीला विचारून घे, आमच्या बिल्डिंगमध्ये फक्त लिफ्टला आहे. आणि त्या तेरा जणांचं हिमोग्लोबिन आधी तपासलेलं दाखव हं, निम्म्या बायका तिथेच बाद होतील, मग धावाधाव कर तुला पाहिजे तेवढी.